कार्डाने आलेला पैसा आपला कधी होतो?

पनवेलच्या बाजारात आणि नेऱ्यासारख्या गावांतही आता छोट्या दुकानदाराकडे क्यूआर किंवा कार्डाचे मशीन असते. मशीनमधून पावती निघाली की व्यवहार पुरा झाला, असे आपले व्यापारी बांधव समजतात. रोखीच्या बाबतीत हे खरे आहे, कार्डाच्या बाबतीत नाही. क्रेडिट कार्डाने आलेली रक्कम नंतरही परत जाऊ शकते. या प्रकाराला 'चार्जबॅक' म्हणतात.

कार्डधारक आपल्या बँकेकडे तक्रार करतो की, हा व्यवहार मी केलाच नाही, किंवा माल मिळाला नाही, किंवा माल ठरल्याप्रमाणे नव्हता. त्याची बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या मार्फत दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम मागते. दुकानदाराच्या खात्यातून ती वळती होते, वर दंडासारखी फीही लागू शकते. मग पुरावा देण्याची जबाबदारी दुकानदारावर येते. अशा अनेक तक्रारींसाठी १२० दिवसांपर्यंत मुदत असते. ग्राहकाला फसवणुकीपासून वाचवणे हा या सोयीचा हेतू असून, अमेरिकेने १९७४ साली त्यासाठी कायदाही केला.

या सोयीचा मोठा फटका ऑनलाइन कॅसिनोंना बसला. तेथे माल नसतो, त्यामुळे माल पोचल्याची सहीही नसते. रात्री हरलेला माणूस महिनाअखेरीस बिल आले की 'कार्ड दुसऱ्याच कुणी वापरले' असे सांगून मोकळा होतो. १९९८ साली कॅलिफोर्नियातील एका महिलेकडे ऑनलाइन जुगारात हरलेले सुमारे ७० हजार डॉलर कार्डांवर थकले. वसुलीचा दावा होताच तिने उलट कार्ड कंपन्यांवरच दावा लावला. जुगाराचे देणे कायद्याने वसूल होत नाही, असे तिचे म्हणणे होते. अखेर तडजोड झाली आणि बँकेला ते कर्ज सोडावे लागले. आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो.

यामुळे बँका सावध झाल्या. २००२ साली सिटीबँकेने न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलशी समझोता करून आपल्या कार्डांवर ऑनलाइन जुगार बंद केला. ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई केली. जेथे कार्ड चालते, तेथेही कॅसिनोच्या जमेतील काही हिस्सा बँक कित्येक महिने अनामत म्हणून अडकवून ठेवते. तक्रारी वाढल्या तर कार्ड घेण्याची सोयच काढून घेतली जाते.

आता कमिशनवर गिऱ्हाईक आणणाऱ्या 'अॅफिलिएट'चे पाहू. समजा, त्याने आणलेला माणूस १० हजार रुपये हरला आणि ३० टक्क्यांप्रमाणे एजंटाच्या नावे ३ हजार जमा झाले. पुढे चार्जबॅक झाला की कॅसिनोचे १० हजार जातात आणि एजंटाचे ३ हजार पुढच्या हिशेबातून कापले जातात. जाहिरातीवर केलेला खर्च मात्र त्याच्याच अंगावर पडतो. कॅसिनो परदेशात असल्याने दाद कुठे मागणार?

जुगार हराम आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण 'आम्ही खेळत नाही, फक्त लिंक पाठवतो' असे म्हणणाऱ्या तरुणांनी कायदाही पाहावा. २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशाच्या खेळाची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. पैशाची देवघेव करून देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून कमिशनच्या आमिषाने आपले बँक खाते कुणालाही वापरू देऊ नये. त्या खात्यात फसवणुकीचा पैसा आला तर खाते गोठते आणि दुकानाचा पैसाही त्यातच अडकतो.

आपल्या प्रामाणिक धंद्यासाठी काही गोष्टी आम्ही सुचवतो. बिलावर मालाचे पूर्ण वर्णन लिहा. कपाट, खिडकी, फर्निचर घरपोच दिले तर चलनावर तारीख व सही घ्या. मापे आणि नमुना ग्राहकाकडून लेखी मंजूर करून घ्या. माल परत घेण्याची अट बिलावरच छापा. ओटीपी किंवा पिनशिवाय मोठा व्यवहार करू नका. ओटीपी झाला तर 'मी केलाच नाही' ही तक्रार टिकणे अवघड जाते, पण 'माल मिळाला नाही' ही तक्रार तरीही येऊ शकते. कार्डाच्या पावत्या निदान वर्षभर जपा. त्यावरील छपाई उडते, म्हणून फोटो काढून ठेवा. आणि बँकेचे पत्र आले तर मुदतीत उत्तर द्या, कारण उत्तर न देणारा खरा असूनही हरतो.

कॅसिनोकडे दाखवायला काहीच नसते. आपल्याकडे माल आहे, मेहनत आहे. तिचा कागद तेवढा सांभाळला पाहिजे.