निविदेंतील एक अट

खेडहून चिपळूणकडे जातांना परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे हें गांव लागतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तेथील वसाहत रासायनिक कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. अशा वसाहतींतील रस्ते, गटारें हीं कामें सार्वजनिक पैशाचीं. म्हणून त्यांसाठीं जाहीर निविदा मागवितात. समजा, लोट्यांतील एका रस्त्याची सूचना निघाली व तींत ‘५ वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत ठेकेदारांनींच निविदा भराव्या’ अशी अट आली. चिपळुणांतील एक होतकरू ठेकेदार ती वाचतो, आपला अनुभव चारच वर्षांचा हें जाणून स्वस्थ बसतो. पुढें तेंच काम तीन वर्षांच्या अनुभवाच्या माणसास मिळालें, तर या गृहस्थावर अन्याय झाला काय? त्यानें तर निविदा भरलीच नव्हती!

हा प्रश्न मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहावरून खरोखरच सर्वोच्च न्यायालयापुढें आला. १९७७ च्या जानेवारींत विमानतळ प्राधिकरणानें उपाहारगृह व दोन फराळाचीं दुकानें चालविण्यासाठीं निविदा मागविल्या. निविदा भरणारा द्वितीय श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक असावा व त्यास किमान ५ वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. ज्याची निविदा स्वीकारली, त्याचा अनुभव मात्र कॅन्टीन चालविण्याचा होता. रमण दयाराम शेट्टी यांचें म्हणणें असें कीं, ही अट पाळली जाणार नाहीं हें ठाऊक असतें, तर आपणही निविदा भरली असती.

१८७२ च्या कराराच्या कायद्याच्या दृष्टीनें निविदासूचना हें केवळ आमंत्रण. भरलेली निविदा हा प्रस्ताव आणि तो स्वीकारल्यावर करार होतो. खाजगी मालक अशा वेळीं मनास येईल त्यास काम देऊं शकेल. सरकारी संस्थेस ती मोकळीक नाहीं. संविधानाचें १४ वें कलम तिला समानतेनें वागावयास सांगतें. १९७९ च्या निकालांत न्यायालयानें ठरविलें कीं, संस्थेनें स्वतः जाहीर केलेली पात्रतेची कसोटी तिलाही बांधते. मात्र शेट्टी विलंबानें आले होते आणि तोंवर दुसऱ्या पक्षानें बराच खर्च केला होता. म्हणून त्यांस दाद मिळाली नाहीं. तत्त्व टिकलें, फिर्यादी रिकाम्या हातीं परतला.

यावरून मसुदा करणारानें काय ओळखावें? चूक न्यायालयांत सुधारेलच असें नाहीं. ती कागदावरच टाळली पाहिजे. ‘पुरेसा अनुभव’ असें मोघम लिहूं नये. किती वर्षांचा व कोणत्या कामाचा, तें सांगावें. कामास नको इतकी कडक अटही घालूं नये. तिनें लहान ठेकेदार दारांतूनच परततात. कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने मुदतींत धरले कीं वगळले, हें स्पष्ट असावें. विलंबाबद्दल रक्कम लिहिली, तरी कायद्याच्या ७४ व्या कलमानें त्या मर्यादेंत वाजवी भरपाईच मिळते. अट बदलणें भाग पडलें, तर शुद्धिपत्रक सर्वांसाठीं प्रसिद्ध करावें आणि भरण्याची मुदत वाढवावी.

आज निविदा संगणकावर भरतात व उघडतात. त्यामुळें लिफाफा वेळेपूर्वीं फुटण्याचें भय कमी झालें. परंतु अटीचें वाक्य माणसासच लिहावें लागतें. तें वाचून जो मागें फिरतो, त्याचें नांव कोणत्याही नोंदींत येत नाहीं. सूचना प्रामाणिक असावी ती त्याच्यासाठींही.