पिन नको, अंगठा घ्या

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना गाला सिन्हा यांनी केलेला परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला होता, कारण प्रवर्तक सभासद बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. काही महिन्यांनी त्यांतल्या काही जणी स्वतःच रिझर्व्ह बँकेत गेल्या. कुठल्याही मुदलावरचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटर न घेता काढावं, असं त्यांनी सुनावलं. परवाना मिळाला.

पुढे याच बँकेत डिजिटल व्यवहारांची वेळ आली, तेव्हा सभासद बायकांनी पिन नको म्हणून सांगितलं. आकडा कुणीही चोरेल, अंगठा कसा चोरणार, हा त्यांचा सवाल होता. वंचित समूहांसोबत तंत्रज्ञान घडवण्याची स्त्रीवादी रीत म्हणजे काय, हे समजून घ्यायला हा एक नकार पुरेसा आहे.

पिन घरात शिरल्यावर त्याचं काय होतं ते पाहू. आकडे वाचता येत नसतील तर बाई कार्ड मुलाच्या हाती देते आणि पिनही सांगते. एकदा सांगितलेला आकडा परत घेता येत नाही. नवऱ्यानं विचारला तर ‘सांगणार नाही’ म्हणणं म्हणजे घरात भांडण. कागदावर पिन हे गुपित असतं. प्रत्यक्षात ते टिकवायला घरात जी सत्ता लागते, ती तिच्याकडे नसते. पिन तयार करणाऱ्यानं मात्र एक माणूस, एक फोन, एक कुलूप एवढंच गृहीत धरलेलं असतं.

हे एका तालुक्यापुरतं नाही. नित्या संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ जणींशी बोलून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: बायकांचा फोन घरातले सगळे हाताळतात, तो मागितला की द्यावा लागतो. म्हणून त्या ठरावीक अ‍ॅपला कुलूप लावतात, निवडक मेसेज किंवा फोटो पुसतात, काही गोष्टी फोनवर करायच्याच टाळतात. फोन नाकारायचा नाही, पण आतलं थोडं राखायचं. फार कसबी तोल आहे हा, आणि तो सांभाळायला मदत करणारी सोय असायला हवी, हे कार्यालयात बसून सुचणं कठीण आहे.

शाओवेन बार्डझेल यांनी २०१० साली तंत्रज्ञान घडवण्याच्या या स्त्रीवादी विचाराला संगणकक्षेत्रात नीट चौकट दिली. वापरणारे अनेक प्रकारचे असतात हे मानणं, त्यांना घडवण्यात सहभागी करणं, त्यांच्या शरीराचा विचार करणं, आणि यंत्रानं वापरणाऱ्याबद्दल काय गृहीत धरलंय ते उघड करणं, हे त्यातले काही मुद्दे. बोलायला सगळे सोपे, पण सहभागाच्या नावाखालीच सगळ्यात जास्त फसवणूक होते. तयार अ‍ॅप दाखवून ‘कसं वाटलं ताई?’ विचारलं तर उत्तर ‘छान आहे’ असंच येणार. पाहुण्याला कोण नाव ठेवतं?

खरं काम आधी सुरू होतं. मत विचारू नये, दिवस विचारावा: सकाळी पैसे कुठून आले, कुणी मोजले, कुठे ठेवले, रात्री कुणी मागितले. बैठक अकराला ठेवली तर रोजंदारीवरची बाई येणार नाही, आणि आली तर तिची मजुरी बुडेल. ती भरून द्यायलाच हवी. सगळ्यांना एकत्र बसवलं की गटाची अध्यक्ष बोलते आणि वस्तीवरची दलित किंवा भटक्या समाजातली बाई मान हलवते. तिच्याशी वेगळं, तिच्या दारात बसून बोलावं लागतं. मग कागदावर अ‍ॅपचे पडदे काढून तिच्या हाती द्यायचे, आणि ती जिथे अडेल तिथे तिला समजावत बसायचं नाही, कागद फाडायचा.

अंगठ्यानंही सगळं सुटत नाही. ऊसतोड, भांडी, माती, सिमेंट यांनी बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र मालकिणीलाच ओळखत नाही. मग पर्याय म्हणून ओटीपी येतो, तो घरातल्या एकुलत्या फोनवर, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या खिशात. गुपित पुन्हा तिथेच पोचलं. म्हणून पर्यायी वाटसुद्धा तिच्याशी बोलूनच ठरवावी लागते; कुठे डोळ्याची ओळख, कुठे तिला नावानं ओळखणारी, दारापर्यंत येणारी बँकेची बाई.

आणि शेवटचा प्रश्न नियंत्रणाचा. नुसती सूचना देता येणं आणि नकार देता येणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हसवडच्या बायका सहकारी बँकेच्या भागधारक होत्या, म्हणून त्यांच्या ‘पिन नको’ला वजन होतं.

बचतगटांसाठी, आशाताईंसाठी, ऊसतोड बायकांसाठी अ‍ॅप करायला निघालेल्यांना एवढीच विनंती: पहिली ओळ लिहिण्याआधी एखादा आठवडी बाजार त्या बाईच्या पाटीशेजारी बसून काढा, आणि ‘हे नको’ म्हणायचा हक्क तिला करारातच लिहून द्या.