बीपी नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद करायची का?

वस्त्यांमध्ये काम करताना एक वाक्य आमच्या कानावर वारंवार पडते : "बीपी नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली." मधुमेह असलेल्या माणसाने असे करणे जास्त धोक्याचे आहे. कारण बीपी नॉर्मल आला तो बहुतेकदा गोळीमुळेच.

मधुमेहात वाढलेली साखर रक्तवाहिन्यांना आतून इजा करते. त्यात रक्तदाब वाढला की त्याच वाहिन्यांवर दुहेरी मार बसतो. मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, मेंदू आणि हृदय यांना त्याची झळ पोहोचते. त्रास जाणवेलच असे नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासाचे रक्तदाबाविषयीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेले ११४८ रुग्ण होते. एका गटाचा सरासरी रक्तदाब १४४/८२ राहिला, दुसऱ्याचा १५४/८७. एवढ्या फरकाने पहिल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास संपल्यावर मात्र दोन वर्षांतच दोन्ही गटांच्या रक्तदाबातील फरक पुसला गेला आणि मिळालेला फायदाही टिकला नाही, असे २००८ मध्ये दिसून आले. म्हणजे रक्तदाब ताब्यात असेपर्यंतच संरक्षण.

उपचार काय असतात?

बहुतेक मधुमेही रुग्णांसाठी रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. वृद्धांसाठी किंवा उभे राहिल्यावर चक्कर येणाऱ्यांसाठी ते डॉक्टर ठरवतात. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नेहमीची औषधे. लघवीतून प्रथिने जात असतील तर टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखे औषध मूत्रपिंडालाही जपते. मात्र ते सुरू केल्यावर क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागते आणि गरोदरपणात ते चालत नाही. अनेकांना दोन-तीन गोळ्या लागतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

गोळीला घरचीही साथ हवी. दिवसभरात मीठ एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. लोणचे, पापड, फरसाण, सुकट यांतले मीठही त्यात धरायचे. तंबाखू बंद. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. कष्टकरी वस्तीत त्या सर्रास घेतल्या जातात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गोळी सुटते ती केवळ निष्काळजीपणाने नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत असले तरी रांगेत रोजंदारी बुडते. कधी साठाच नसतो आणि बाहेरून घ्यायला पैसे नसतात. तेव्हा रुग्णाला दोष देण्याआधी आपण तीन गोष्टी करू शकतो. मधुमेह असलेल्यांची यादी करून विहारात महिन्यातून एकदा बीपी मोजणे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवणे आणि आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू टाळायला सांगणे. तसेच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्यांची मागणी करणे आणि साठा संपला तर लेखी तक्रार देणे.

गोळी कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. ती मधेच सुटू नये, हे बघणे मात्र आपल्या हातात आहे.