कैद्यांच्या आत्महत्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुरुंगातील अनैसर्गिक मृत्यू म्हटले की मारामारी किंवा मारहाण डोळ्यांसमोर येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये न्या. अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार २०१७ ते २०२१ या काळात देशातील तुरुंगांत झालेल्या ८१७ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ६६० आत्महत्या होत्या. (मुळातली नोंद तुरुंगाचीच असते, हे ध्यानात ठेवलेले बरे, कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्याने बंधनकारक आहे ती याचसाठी.)

जन्मठेप झालेलाच कैदी खचतो, ही समजूतही अपुरी आहे. अटकेची लाज, घरची काळजी आणि दारू किंवा अमली पदार्थ एकाएकी तुटल्याने होणारी तगमग यांमुळे तुरुंगातील पहिले काही तास व दिवस विशेष धोक्याचे असतात, आणि ते ज्याचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही अशा न्यायबंद्याच्या वाट्याला प्रथम येतात. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी न्यायबंदीच आहेत. दाराशी झडती होते, अंगावरील खुणा नोंदल्या जातात, सामान जमा होते. त्याच टेबलावर पूर्वीचा प्रयत्न, चालू औषधे, व्यसन आणि झोप यांविषयी विचारणे अवघड नाही. अशा विचारण्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. धोका मात्र तेवढ्यावर सरत नाही; जामीन फेटाळल्याची संध्याकाळ किंवा मुलाखतीला कोणीच न आल्याचा दिवसही तितकाच नाजूक असतो.

सर्वांत घातक गैरसमज सुरक्षेच्या नावाने पोसला जातो: संशय आला की कैद्याला एकट्याला कोठडीत ठेवावे. एकांताने निराशा वाढते आणि मदतीसाठी हाक मारायला शेजारी उरत नाही, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची मार्गदर्शिका एकांतवास टाळून माणसांची सोबत आणि सततची देखरेख यांवर भर देते. धोक्याच्या वस्तू दूर करणे आवश्यकच आहे, पण तेवढ्याने देखरेख झाली असे मानणे ही प्रशासनाने काढलेली पळवाट होय.

प्रयत्न फसल्यास तो ‘नाटक’ ठरवून शिक्षा करण्याची वृत्तीही जुनीच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. भारतीय न्याय संहितेने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ वगळले खरे. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ नुसार अजूनही गुन्हा आहे, आणि तुरुंगात तर कैद्याचे गाऱ्हाणे ऐकणारा प्रत्येक अधिकारी लोकसेवकच असतो.