कर्नाळ्याच्या पायथ्याचा बंडवाला

मुंबई-गोवा रस्त्यावर पळस्पे मागे पडलं की कर्नाळ्याचा सुळका नजरेत भरतो. १८१८ साली हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पायथ्याच्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव या कर्नाळ्याचेच किल्लेदार. गेलेल्या किल्ल्याचा नातू सरकारविरुद्ध उभा राहतो! मुलांच्या साहसकथेला आणखी काय हवं?

मराठी मुलांना रॉबिन हूड पुस्तकांतून भेटला, उमाजी नाईक आणि राघोजी भांगरे हे बंडवाले घरच्या गोष्टींतून. फडके मात्र 'आद्य क्रांतिकारक' म्हणून पाठ्यपुस्तकात गेले. त्यांच्यावर सरकारने इनाम लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्याच डोक्यावर इनाम जाहीर केलं, हा प्रसंग मुलं आजही डोळे विस्फारून ऐकतात. तसंच एडनच्या तुरुंगाचं. कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते निसटले आणि पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. हे सगळं मुलांना जरूर सांगावं.

पण या रंगवण्यात बंडातला भुकेचा भाग पुसट झाला. दुष्काळाने गांजलेला मुलूख, सावकारांचे पेटारे आणि २३ फेब्रुवारी १८७९ चा धामारीचा दरोडा. फडक्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात यातलं काही झाकलेलं नाही, मग आपण मुलांपासून का झाकावं? 'दरोडा' म्हटल्याने नायक लहान होत नाही. दहा वर्षांच्या पोरालाही कळतं की उपाशी माणसांची फौज पगारावर उभी राहत नाही.

त्याहून मला खुपतं ते फडक्यांच्या बंडातले रामोशी म्होरके दौलतराव नाइक यांचं गाळलं जाणं. मे १८७९ मध्ये पळस्पे आणि चिखली इथे, म्हणजे फडक्यांच्या गावच्या अगदी उंबरठ्यावर, दौलतरावांच्या टोळीने धाड घातली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत ते पडले. उजवा हातच गेल्यावर फडके दक्षिणेकडे श्रीशैलला गेले आणि जुलैत देवर नावडगीला पकडले गेले. बंडाचा कणाच रामोशी होते, पण गोष्टीत ते 'साथीदार' एवढ्या एका शब्दात आटोपतात.

अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'ने १९५९ मध्ये हे चित्र उलटवलं. तिथे मांगवाड्यातला बंडवालाच नायक आहे आणि दुष्काळात धान्य लुटणं हे त्याचं शौर्य. ती कादंबरी मोठ्यांची असली तरी शाळकरी वयात अनेकांनी ती अधाशासारखी वाचली. कुणी लिहिणारा असेल तर दौलतरावांची गोष्ट पळस्प्यापासून सुरू करावी. शिरढोणची मुलं ती वाट रोज तुडवतात.