तळघर सजवण्याआधी तिथे कोण झोपणार ते ठरवा

कॅनडात आणि अमेरिकेच्या थंड भागात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत घर घेतल्यावर पहिला मोठा बेत होतो तो तळघराचा. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो; टोरोंटोच्या परिसरात सुमारे ४ फूट. एवढे खणायचेच, तर आणखी थोडे खणून तळघर करायचे, ही तिथली रीत आहे. बिल्डर ते पुष्कळदा उघड्या काँक्रीटचे ठेवून देतो. मग घरमालक भिंतींना बोर्ड, जमिनीला गालिचा आणि छताला दिवे लावून त्याच्या खोल्या करतो.

रंग, फर्निचर, मोठा टीव्ही यांची चर्चा भरपूर होते. आमचा प्रश्न वेगळा आहे : तिथे झोपणार कोण? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-वडील, शिकायला आलेला भाचा किंवा भाड्याने राहणारे विद्यार्थी. म्हणजे ज्यांना हवे-नको म्हणताना संकोच वाटतो, तीच माणसे खाली राहतात. म्हणून आराखडा करताना त्यांच्या श्वासाचा आणि सुरक्षिततेचा विचार आधी व्हायला हवा.

आधी पाणी

ओल असलेल्या भिंतीवर बोर्ड लावला की ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. बोर्डामागे बुरशी धरते आणि दमा, सर्दी, ॲलर्जी असणाऱ्यांचा त्रास वाढतो. म्हणून काम सुरू करण्याआधी जमिनीवर आणि भिंतीवर दोन-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन-तीन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर ओल आहे असे समजा.

उपाय बहुधा घराबाहेरच सुरू होतो. छपराच्या पन्हळीचे पाणी पायापासून लांब सोडा. घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूने उतार द्या. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार असावा, असे सांगितले जाते. भिंतींच्या भेगा बुजवा. पाणी उपसणारा पंप असेल तर तो चालतो का ते पाहा. एक पावसाळी मोसम तळघर कोरडे राहिले, तरच खर्चाला हात घाला. पुढे राहायला लागल्यावर आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवावे आणि ती ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.

न दिसणारा वायू

रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. पायाच्या भेगांतून तो घरात शिरतो आणि जमिनीला टेकलेल्या तळघरात जास्त साठतो. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे मोठे कारण म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. धूम्रपान न करणाऱ्यांत तर तो पहिल्या क्रमांकाचे कारण मानला जातो.

कॅनडात घनमीटरला २०० बेक्वेरेल ही मर्यादा सांगितली आहे. तिच्यापेक्षा जास्त रेडॉन आढळल्यास उपाय करायचा असतो. अमेरिकेत ही पातळी लिटरला ४ पिकोक्युरी, म्हणजे सुमारे १५० बेक्वेरेल आहे. तपासणीची डबी महाग नसते, पण ती हिवाळ्यात, दारे-खिडक्या बंद असताना, किमान तीन महिने ठेवावी. रेडॉन जास्त निघाला तर जमिनीखालून पाइप घेऊन पंख्याने तो वायू घराबाहेर सोडतात. हे काम फरशी घालण्याआधी सोपे असते. नंतर तीच फरशी फोडावी लागते.

हवा आणि धूर

घर तापवणारी भट्टी आणि पाण्याचा बंब पुष्कळदा तळघरातच असतात. त्यांच्याभोवती भिंत घालताना हवेची वाट बुजवू नका. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. झोपण्याच्या खोलीजवळ त्याचा इशारा देणारे यंत्र आणि खोलीत धुराचा अलार्म लावावाच. न्हाणीघरातल्या पंख्याचे तोंड घराबाहेर असावे. बुद्धवंदनेसाठी किंवा जयंतीच्या कार्यक्रमासाठी माणसे तळघरात जमत असतील, तर मेणबत्त्या-अगरबत्त्या मोजक्या लावाव्यात आणि खिडकी उघडी ठेवावी.

बाहेर पडण्याची दुसरी वाट

आग लागली आणि जिना धुराने भरला तर खाली झोपलेला माणूस निघणार कुठून? म्हणून झोपण्याच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी हवी. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत तिची मोकळी जागा साधारणपणे ५.७ चौरस फूट आणि चौकटीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नसावी, असे म्हटले आहे. कॅनडाच्या नियमांत ही मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आहे. खिडकी किल्लीशिवाय आतून उघडता यावी आणि हिवाळ्यात तिच्यासमोरचा बर्फ काढलेला असावा. स्थानिक परवाना घेऊनच काम करा. तपासनीस येतो तो याच गोष्टी पाहायला. म्हाताऱ्या माणसांसाठी जिन्याला मजबूत कठडा आणि रात्री दिवा हवा.

नागपूर-पुण्याहून मुलाला किंवा मुलीला परदेशी पाठवणाऱ्या पालकांनाही आमचे सांगणे आहे. भाड्याची खोली तळघरात असेल तर फोनवर भाड्याबरोबर चार गोष्टी विचारा : भिंतीला ओल आहे का, रेडॉन तपासला आहे का, अलार्म चालतात का, खिडकीतून बाहेर पडता येते का. आणि घरमालक असाल तर पाहुणा येण्याआधी काही रात्री स्वतः खाली झोपून बघा. तुम्हाला तिथे मोकळा श्वास घेता आला, तरच ती खोली दुसऱ्याला द्या.