साडेसाती नव्हे, आजार

शनिशिंगणापुरात येणारा भाविक प्रथम पाहतो ती उघड्या चौथऱ्यावरची शनीची शिळा, आणि मग गावातील घरे. परंपरेने येथे घरांना कवाडे व कुलपे लावीत नाहीत. परंतु ज्या घरात एखाद्याचे मन बिघडते ते घर, मग ते कोणत्याही गावचे असो, आधी दार लावून घेते. सोयरिकी मोडतील, लोक नावे ठेवतील, या भयाने रोगी आतल्या खोलीत राहतो आणि बाहेर सांगितले जाते की, मुलाला साडेसाती लागली आहे. या झाकून ठेवलेल्या आजाराविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत. आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले; शाळा अर्ध्यावर सुटली; जे शिकलो ते वाचून आणि ठेचा खाऊन. त्यांतलीच एक ठेच आधी सांगतो.

सुमारे 25 वर्षांपूर्वी नगरच्या एका कारखान्यात चोवीस वर्षांचा एक टर्नर होता. कामाला चोख. एके वर्षी तो कँटीनचा चहा घेईनासा झाला. त्यात काहीतरी कालवतात, असे त्याचे म्हणणे. मग भोंग्यातून आपले नाव घेऊन शिव्या देतात, असे सांगू लागला. पुढे खाडे सुरू झाले. घरचे दर शनिवारी त्याला शिंगणापुरी आणून तेल वाहत. कोणा ज्योतिषाने सांगितले, अजून तीन वर्षे कळ काढा. त्यांनी ती काढली. आणि आम्ही? पोरगा दारूला लागला, असे आम्ही धरून चाललो. त्याला आरोपपत्र मिळाले तेव्हा चौकशीतील त्रुटी दाखवून आम्ही त्याला कामावर घ्यायला लावले आणि गेट मीटिंगमध्ये आपली पाठ थोपटून घेतली. महिन्याभरात तो पुन्हा येईनासा झाला. या खेपेस नोकरी गेली ती गेलीच. ‘बाबा रे, तुला होते तरी काय?’ एवढा एक प्रश्न आम्ही त्याला कधी विचारला नाही.

त्याच्या आजाराचे नाव छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया. जर्मनीतील डॉक्टर क्रेपलिन याला अकाली येणारा बुद्धिनाश समजत. स्वित्झर्लंडचे डॉक्टर ब्लॉयलर यांनी 1908 साली त्याला आजचे नाव दिले. या नावामुळे एका देहात दोन माणसे वावरतात, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. विचार, भावना आणि कृती यांना जोडणारा सांधा ढिला होतो, इतकाच त्याचा अर्थ.

लक्षणे तीन तऱ्हांची. पहिली, भास आणि भ्रम : कोणी नसताना आवाज ऐकू येणे, किंवा आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी, पुराव्याने न हलणारी खात्री. दुसरी, विस्कळीतपणा : बोलण्याचा धागा तुटतो, वागण्याचा मेळ बसत नाही. तिसरी उणेपणाची : उत्साह आटतो, चेहरा कोरा होतो, अंघोळही नकोशी वाटते. या तिसरीलाच आपण आळस म्हणतो आणि रोग्याला बोल लावतो. भास झाला म्हणजे छिन्नमनस्कता झालीच, असेही नव्हे. तीव्र उन्माद किंवा खिन्नता, गांजासारखी व्यसने, मेंदूचे विकार, क्वचित बाळंतपणानंतरचे दिवस यांतही मन असे भरकटते. कोणते काय, हे तपासणे डॉक्टरांचे काम.

कारण एकच एक नाही. मेंदूतील पेशी ज्या रसायनांनी एकमेकींना निरोप धाडतात त्यांपैकी डोपामिनचा तोल बिघडलेला आढळतो. वारशाचा भाग आहे : आईबापांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याचा संभव शेकडा दहाच्या आसपास, म्हणजे नव्वद मुले त्यापासून मुक्त राहतात. आईच्या वागण्याने, करणीने वा ग्रहाने तो होत नाही.

येथे साडेसातीचा हिशेब मांडून पाहू. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी फिरतो, आणि कोणत्याही वेळी तीन राशींना साडेसाती असते. म्हणजे चार माणसांत एक माणूस सदैव साडेसातीत! छिन्नमनस्कता बहुधा ऐन तारुण्यात सुरू होते. अठरा ते पंचवीस या सात वर्षांत निम्म्या तरुणांना साडेसाती कधी ना कधी गाठतेच. मग ज्योतिषाचे बोल खरे वाटले तर नवल ते काय? शनीची श्रद्धा ज्याची त्याने जपावी. आमचे भांडण ‘थांबा’ या सल्ल्याशी आहे. उपचाराविना जितका काळ जातो तितके बरे होणे अवघड होत जाते. त्या टर्नरचे असेच झाले. चार वर्षांनी तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचला. काही महिन्यांत आवाज ओसरले, पण पहिली उमेद पुरती परतली नाही.

या आजारावरचे पहिले प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझीन, 1952 साली पॅरिसमध्ये वापरात आले. पुढे अनेक औषधे निघाली. त्यांचे त्रासही आहेत : झोप, हातांचा कंप, अंग आखडणे, वजन वाढणे. ते डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. बरे वाटले म्हणून परस्पर गोळ्या सोडल्या की आजार बहुधा उलटतो. रोगी सहसा दुसऱ्याला इजा करीत नाही. स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा धोका अधिक.

हक्कांचीही माहिती हवी. कामगार राज्य विमा योजनेत दीर्घ आजारांच्या यादीत छिन्नमनस्कता आहे. अटी पुऱ्या केल्यास वाढीव आजारभत्ता मिळतो. टर्नरच्या वेळी आम्ही विम्याची चौकशीसुद्धा केली नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळदंड घालण्यास मनाई आहे, आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे.

दार उघडणारी माणसेही आपल्यात आहेत. कॅनडात प्राध्यापकी केलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा आजार लपविला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ‘देवराई’ हा 2004 सालचा मराठी चित्रपट याच आजारावरचा. नगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माउली ही संस्था रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा आणि उपचार देते.

तेव्हा शनिवारी तेल वाहावयाचे असेल तर खुशाल वाहावे. सोमवारी मात्र जिल्हा रुग्णालय गाठावे, किंवा 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर विचारावे. तो टर्नर आज भावाच्या सायकलच्या दुकानात बसतो, गोळ्या नेमाने घेतो. आम्ही गेलो की चहा मागवतो आणि आमच्याबरोबर पितो.